अधोरेखित ओळींतील अलंकार ओळखा

४ जानेवारी

भिंगरे,

नव्या वर्षाचे आशीर्वाद तुझ्या बोटीला कुठल्या बंदरात गाठतील कोण जाणे, म्हणून जरा जास्तच पाठवतेय. वाटेत थोडे सांडले तरी पुरतील. तुझी आई बरी आहे. रोज सकाळी वर्तमानपत्रातलं हवामान वाचते, तेही जिथे तू नाहीस अशा शहरांचं, आणि कुठे वादळ नाही असं दिसलं की मग चहाला हात लावते. मी काही बोलत नाही. धाकट्या बहिणीनं मोठीला शहाणपण शिकवलं की काय होतं, ते मी लहानपणीच शिकलेय.

आता माझं गाऱ्हाणं. पाठ्यपुस्तकाच्या समितीनं एका कवितेचा स्वाध्याय माझ्या गळ्यात मारलाय. निवृत्त शिक्षिकेला घरी स्वस्थ बसू द्यायचं नाही, असा या लोकांनी चंगच बांधलाय. कविता प्रवासाची आहे आणि सुटकेची. एक मुलगी बोटीत बसून निघून जाते, एवढंच. कुठून जाते, का जाते, काही सांगत नाही. खूप वर्षांपूर्वी, आता बंद पडलेल्या एका मासिकात ती आली होती. खाली नाव नुसतं ‘एक प्रवासी’. सगळ्यांना आवडली, पण नुसती कविता छापून कसं चालेल? खाली प्रश्न नकोत? ‘अधोरेखित ओळींतील अलंकार ओळखा.’ तर मी पेन्सिल आणि पट्टी घेऊन रेघा मारायला बसले. सुरुवात अशी आहे:

उलटी चालले मी इतकी वर्षं,
आज पाऊल पुढे पडलं;
दाराला कडी होती, तिची
किल्ली झाली भरती.

समुद्र दुधाचा झाला,
आणि वर आभाळ शाईचं;
मला वाटलं, कुणीतरी जग
पालथं करून ठेवलंय.

पहिल्या दोन ओळींत विरोधाभास. ‘किल्ली झाली भरती’ हे तर सरळ सरळ रूपक. गाडी अडली ती दुधाशी. मी म्हणते रूपक. आमचे अध्यक्ष म्हणतात अतिशयोक्ती. “अहो बाई, अख्खा समुद्र दुधाचा? इतकं दूध कुठल्या गोठ्यातलं?” असं म्हणून ते स्वतःच हसले. मी हसले नाही. कपांतला चहा गार झाला तरी वाद मिटला नाही.

तू सध्या समुद्रावरच मुक्काम ठोकलायस, म्हणून विचारते. परीक्षेत अलंकाराच्या प्रत्येक प्रश्नाला तू डोळे मिटून ‘उपमा’ लिहायचीस, एखादं तरी लागेल म्हणून, हे मी विसरलेले नाही. तरीही सांग. समुद्र कधी दुधासारखा दिसतो का गं? फेसामुळे, चांदण्यात, कशानंही? मला तो फक्त कॅलेंडरवर माहीत.

रेघा मारणारी तुझी,
मावशी


१९ जानेवारी

मावशी,

तुझे आशीर्वाद पोचले. बंदरातल्या एजंटानं पत्रांचा गठ्ठा दिला त्यात तुझं पाकीट सगळ्यांत जाड होतं. माझ्या वरच्या बंकवरच्या मुलीला वाटलं, खाऊ आहे. मी म्हटलं, व्याकरण आहे.

माझं मत अध्यक्षांना. अतिशयोक्ती. मी आजवर समुद्र हिरवा पाहिला, गढूळ पाहिला, शिसपेन्सिलीच्या रंगाचा पाहिला, कधी तर जुन्या पातेल्याच्या बुडासारखा काळा पाहिला. (ही उपमा. आली की नाही?) दुधाचा एकदाही नाही. फेस असतो, पण तो साबणाच्या पाण्यासारखा, आला की गेला. चांदण्यात नुसती एक चकचकीत पायवाट दिसते. बाकी सगळा अंधारच.

राग मानू नकोस, पण ही कविता कुणीतरी घरात, पंख्याखाली बसून लिहिलीय. म्हणे बोटीत बसलं की सुटका. इथे आले तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. आता रोज घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर झोपायचं. सकाळभर हातोडीनं लोखंडावरचा गंज खरवडायचा. दुपारी त्याच जागी रंग लावायचा. पुढच्या महिन्यात तिथे पुन्हा गंज. फिरायला जागा म्हणजे डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस्स. मी शिकाऊ, त्यात मुलगी, म्हणून मला नकाशाच्या टेबलापाशी कुणी उभंही करत नाही. घरी होते तेव्हा इतकी बांधलेली नव्हते गं.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला सांग, मी मजेत आहे आणि गालांवर रंग चढलाय. रंग चढलाय हे खरंच आहे, डेकचा हिरवा.

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

मावशी,

तुझं उत्तर यायची वाट न बघता लिहितेय. अध्यक्षांना दिलेलं माझं मत परत घे. आत्ताच्या आत्ता.

परवा संध्याकाळचा पहारा माझा होता. पहारा म्हणजे ब्रिजवर, बोट चालवतात त्या वरच्या खोलीत, उभं राहून समोर बघत राहायचं. सोबत सेकंड ऑफिसर होते. अमावास्येचा दिवस, वारा पार पडलेला. सूर्य बुडाला तसा गच्च काळोख झाला. मी समोर बघत होते, तर क्षितिजावर एक फिकट पट्टी दिसली. वाटलं, चंद्र उगवतोय. मग लक्षात आलं, आज चंद्र कुठला? म्हटलं, “साहेब, पुढे धुकं आहे बहुतेक.” त्यांनी दुर्बीण लावली आणि खाली घेईचनात. मग अगदी हळू म्हणाले, “धुकं नाही हे. कप्तानांना बोलाव.”

पट्टी रुंदावत गेली आणि आमची बोट तिच्यात शिरली.

मावशी, समुद्र पांढरा होता. फेसानं नाही, चांदण्यानं नाही. आतून पांढरा. जिकडे बघावं तिकडे, पार क्षितिजापर्यंत, पाण्याच्या पोटातून उजेड वर येत होता. तो लुकलुकत नव्हता, हलत नव्हता. लाटा दिसेनात. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते तेच कळेना. वर आभाळ मात्र काळंकुट्ट, समुद्रापेक्षा कितीतरी काळं. उजेड खाली आणि अंधार वर. मी बाहेरच्या कठड्यावर हात ठेवला तर हाताची सावली वर पडली, माझ्याच हनुवटीवर.

कप्तान जेवता जेवता उठून आले होते, गळ्यात रुमाल तसाच खोचलेला. एरवी त्यांच्या आवाजानं खिडक्या हलतात. ते नुसते काचेशी जाऊन उभे राहिले. मग कुजबुजले, “इंजीन हळू करा.” सेकंड ऑफिसरनी विचारलं, “काही धोका, सर?” तर म्हणाले, “धोका नाही. आवाज नको.”

खालून सगळे डेकवर आले. स्वयंपाकी आला, इंजीनमधली काळी झालेली माणसं आली. सगळे कठड्याशी ओळीनं उभे राहिले. आमच्या सारंगकाकांनी, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, दोर बांधून बादली सोडली आणि वर ओढली. बादलीत जणू उजेड भरून आणला होता. (‘जणू’ लिहिलं, म्हणजे उत्प्रेक्षा, पण दुसरं काय लिहू?) त्यांनी हातानं ढवळलं तर हात फिरला तिथे तो उजेड विझला, आणि हात काढल्यावर हळूहळू परत आला. सारंगकाका त्या हाताकडे बघत राहिले. “सगळा जन्म पाण्यावर गेला,” ते म्हणाले, “पण हे नुसतं ऐकूनच होतो. म्हटलं, लोक दारू पिऊन सांगतात.”

सेकंड ऑफिसर म्हणाले की पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव कधी कधी सगळेच्या सगळे एकदम उजळतात. पुस्तकात आहे, पण पाहिलेला माणूस सहसा भेटत नाही. असेल. मी ऐकलं आणि मला काहीच समजल्यासारखं वाटलं नाही. मी कठड्याला धरून उभी होते, आणि मला वाटत होतं की मी इतकी लहान आहे, इतकी लहान, की मला कुणी बांधूच शकणार नाही. बांधायला हातात तरी काय लागणार?

मग तोंडातून आपोआप तुझी ओळ निघाली, ‘समुद्र दुधाचा झाला, आणि वर आभाळ शाईचं’. कप्तानांनी वळून बघितलं. म्हणाले, “कुणी लिहिलंय हे?” म्हटलं, “एका प्रवाशानं.” ते म्हणाले, “तो इथे येऊन गेलाय.”

मावशी, त्या माणसानं, का मुलीनं, काहीही वाढवून सांगितलेलं नाही. जे आहे ते जसंच्या तसं, हुबेहूब सांगितलं की त्याला स्वभावोक्ती म्हणायचं, हे तूच शिकवलंस ना? तेव्हा मी ऐकत नव्हते. आता ऐकलं.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र मी दारातच, पायांत चपला तशाच ठेवून वाचलं. मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, “हिला मी पावसात बाहेर जाऊ देत नव्हते.” त्या दिवशी तिनं हवामान न वाचताच चहा घेतला.

पण खरी बातमी पुढेच आहे. खुर्चीवर बस, नाहीतर जे काही तुमच्याकडे असतं त्यावर बस.

कविता छापायची तर कवीची परवानगी हवी. त्या मासिकाच्या संपादकांच्या मुलीकडे जुने पत्ते निघाले. ‘एक प्रवासी’ म्हणजे एक बाई, आणि त्या याच शहरात राहतात! बसनं जाण्याच्या अंतरावर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. ही एकच कविता त्यांनी लिहिली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक लांबट बोळ, खिडकीसमोर शाळेची भिंत. घरात सगळं घडी घातलेलं. त्या उंच, ताठ, आवाज असा स्वच्छ की वाटावं, आता म्हणतील ‘थांबा, जोडून देते’. मी त्यांना टेलिफोनबाईच म्हणायला लागलेय, मनातल्या मनात.

परवानगीच्या कागदावर त्यांनी सही केली. मग अलंकारांचं कळल्यावर विचारलं, “रेघा कुठे मारल्यात बघू.” मी दाखवल्या. आणि मग तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, बादलीपर्यंत, सारंगकाकांपर्यंत. त्यांनी कप बशीत ठेवला. बशी वाजली.

“म्हणजे तो खरा होता,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “म्हणजे?”

“मी सांगितलं की लोक हसायचे. बोटीवर मला ताप होता. पुढे मलाही वाटायला लागलं, तापात दिसलं असेल. म्हणून मग ते कवितेत लिहिलं. कवितेत कुणी खरंखोटं विचारत नाही ना.” आणि त्यांनी तुझं पत्र माझ्या हातून घेऊन तो भाग स्वतः वाचला, ओळीवरून बोट फिरवत.

मग मी बाकीच्या ओळींचं विचारलं. “उलटी चालले म्हणजे आयुष्य उलट्या दिशेनं गेलं, असंच ना?”

त्या हसल्या. उठल्या आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे तोंड करून. दोन्ही हात पोटाशी धरले, बोटं काहीतरी ओढून सोडत असल्यासारखी हलायला लागली, आणि त्या चालू लागल्या. मागे मागे. वळून न बघता, एका सरळ रेषेत, ठरलेल्या चालीनं. बोळ संपला, आता आपटतात म्हणून मी उठले, तर भिंतीला पाठ टेकायच्या आत त्या थांबल्या.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. आईवडील लहानपणीच गेले. काकानं दोघी बहिणींना आपल्या दोर वळायच्या कारखान्यात घातलं. कमरेला तागाचा गुंडाळा बांधायचा, टोक फिरत्या चाकाला अडकवायचं, आणि तंतू सोडत सोडत उलटं चालत जायचं, लांबच लांब शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत. दिवसभर. रात्री झोपायचं तेही तिथेच, दाराला बाहेरून कडी. शेडची मागची खिडकी खाडीवर. ओहोटीला खाली चिखल, पण भरती आली की छोटी होडी खिडकीखाली येऊ शके. प्रवासी बोटीवर कपडे धुणारी एक बाई दोर न्यायला यायची, तिनं ही मुलगी पाहिली होती. एका भरतीला ती होडी घेऊन आली. किल्ली झाली भरती! भिंगरे, आणि मी रूपक म्हणून खाली रेघ मारली होती, दोनदा.

शेवटचं कडवं तुला मी पाठवलंच नव्हतं. ते असं आहे:

धक्क्यावर माझी सावली उभी,
हात हलवत, हात हलवत,
मी ठिपका होईपर्यंत.

मी म्हटलं, “ही सावली म्हणजे मागे सुटलेलं बालपण.” अगदी वर्गात सांगते तशी म्हटलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “सावली म्हणजे माझी धाकटी बहीण. सतत माझ्या पायात पायात असायची, म्हणून मी तिला सावली म्हणायचे. नऊ वर्षांची होती. होडीत एकाचीच जागा होती.”

“ती धक्क्यावर सोडायला आली होती?”

“कवितेत आहे तसंच,” त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

तेव्हा आता सांगते, सगळीच्या सगळी कविता स्वभावोक्ती आहे! एकही ओळ सजवलेली नाही. इतकी वर्षं मुलांना अलंकार शिकवले, पण असं कधी वाटलं नव्हतं की शब्दांना हात लावला तर ते ऊन लागतील.

त्यांनी बहिणीला पत्रं लिहिली होती. पहिली काही उघडून, पुन्हा चिकटवून परत आली. मग त्यांनी लिहिणं सोडलं. म्हणाल्या, “आधी उत्तर येत नाही म्हणून भीती वाटायची. मग येईल म्हणून वाटायला लागली.” दुसऱ्यांना जोडून देण्यात जन्म गेला बघ त्यांचा.

त्या बंदराचं नाव मी या पत्रासोबत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. तुमच्या वाटेवर आहे का गं?

मावशी


४ मार्च

मावशी, कार्डावर मावेल तेवढंच. आहे. दहा-बारा दिवसांत तिथे माल भरायला थांबतोय. कप्तानांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, शिकाऊ लोकांना सुट्टी मिळत नाही. मग पेपर वाचल्यासारखं करत म्हणाले, “तू जात नाहीयेस. मी तुला दोर बघायला पाठवतोय.” टेलिफोनबाईंना अजून काही सांगू नकोस. — भिं.


१७ मार्च

मावशी,

सापडली.

बंदर आता क्रेनचं आणि लोखंडी खोक्यांचं झालंय. दोराचा कारखाना म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. बोटींचं सामान विकणाऱ्या एका दुकानात नायलॉनची भेंडोळी टांगलेली होती. तिथल्या माणसानं सांगितलं, “खाडीकडे जा. लांब शेड दिसेल. आत एक आजी असेल. मोठ्यानं बोल, पण ओरडू नकोस, रागावते.”

शेड खरंच इतकी लांब आहे की या दारातून बघितलं तर पलीकडचं दार पाकिटावरच्या तिकिटाएवढं दिसतं. जमीन मधोमध झिजून पन्हळ झालीय, पावलांनी. दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी नुसती भोकं होती. आत एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची आजी, केस बारीक कापलेले, चष्म्याला दोरी. मुलांच्या झोक्यासाठी दोर कापत होती.

मी काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोकलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, “आजी, तुम्हाला कुणी सावली म्हणायचं का?”

कात्री थांबली. “म्हणणारी एकच होती,” ती म्हणाली. “बुडाली, असं काका सांगायचा.”

“बुडाली नाही,” मी म्हटलं. “पोचली.”

आजी दोराच्या भेंडोळ्यावर बसली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. तिनं विचारलं, “जेवते ना वेळेवर?”

मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं, पण हो म्हटलं.

मग तिनंच थोडं थोडं सांगितलं. काका गेला, त्या दिवशी तिनं पहिली कोणती गोष्ट केली असेल तर सगळ्या दारांच्या कड्या उचकटून खाडीत टाकल्या. मग कारखाना तिनंच चालवला, नायलॉन येऊन धंद्याचा पीळ सुटेपर्यंत. म्हणाली, “मी कुठे गेले नाही. जायचं सुचलंच नाही, कुणीतरी परत आलं तर घरात माणूस हवं ना. पण माझे दोर गेले हो. कुठल्या कुठल्या बोटींवरून गेले. रोज संध्याकाळी मी विचार करायची, आता माझा दोर कुठे असेल, कुठल्या पाण्यात भिजत असेल.” आणि हसली. मावशी, मी जगभर फिरायला निघालेली मुलगी, आणि त्या शेडमध्ये उभी राहून मला वाटलं, या आजीइतकं लांब अजून मी पोचलेच नाही.

मग मी कविता वाचून दाखवली. ‘उलटी चालले’ला ती मांडीवर थाप मारून हसली. भरतीला मान हलवली. दुधाच्या समुद्राशी म्हणाली, “हे काय?” मी पाहिलं ते सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवून ऐकलं. म्हणाली, “हे दिसलं तिला? बरं झालं. काहीतरी चांगलं दिसायलाच हवं होतं.”

शेवटचं कडवं तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग एकदा आणखी.

मग ती म्हणाली, “मी नव्हते गं धक्क्यावर. मी झोपले होते. उठले तेव्हा शेजारची जागा गार होती.”

 खाडीचं पाणी खिडकीखाली चुळूकचुळूक वाजत होतं. आजीनं कापलेला दोर हातात घेतला, त्याचं टोक सुटत होतं ते वळून नीट केलं. आणि म्हणाली, “हे तिला कळवू नकोस. तिला लिही, मी उभी होते. अगदी टोकाला उभी होते. निळा फ्रॉक घातला होता म्हणून लिही. हात दुखेपर्यंत हलवला, आणि ती ठिपका झाली तरी हलवत होते. लिहिशील?”

मी कबूल केलं.

मावशी, तू म्हणालीस, सगळी कविता स्वभावोक्ती. ती ओळ तशी नाही. पण मग ती काय आहे? आणि आजीनं जे केलं त्याला काय म्हणायचं? तुझ्या पुस्तकात याला नाव आहे का? मी बोटीवर परतले तेव्हा कप्तानांनी विचारलं, “दोर कसा होता?” मी म्हटलं, “तुटला नाही, सर.” त्यांनी पुन्हा पेपर तोंडासमोर धरला.

आता टेलिफोनबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्या हातात ते राहिलं नाही.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी घरी नसेन. पण ते क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील, मावशी म्हातारी झाली, शेवट आधी सांगते.

स्वाध्याय छापायला गेला. दुधाच्या ओळीला उत्तर ‘स्वभावोक्ती’. अध्यक्षांनी तुझं पत्र मागून घेतलं, वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, मी गोठ्याचं जे बोललो ते विसरून जा.” शेवटच्या कडव्याखालची रेघ मी खोडरबरानं पुसली. तिथे प्रश्न नाही. नुसतं लिहिलंय, ‘हे कडवं मोठ्याने वाचा.’ तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पुस्तकं चाळली. जेवढे अलंकार मला माहीत आहेत ते सगळे त्या शेडच्या दारापर्यंत जातात आणि तिथे थांबतात.

टेलिफोनबाईंकडे गेले ते मनाशी पक्कं ठरवून. सावलीआजींनी सांगितलं तेवढंच वाचायचं. ‘मी झोपले होते’ त्या ओळींवर मी आधीच अंगठा ठेवला होता. मला खोटं बोलता येत नाही, तुझ्या आईला विचार. छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं, त्यांना ऐकू जाईल, त्यांचे कान टेलिफोनवर तयार झालेले.

‘बुडाली नाही, पोचली’ ऐकलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ‘जेवते ना वेळेवर?’ ऐकलं आणि त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला, हसण्याचा की कसला कळलं नाही. कड्या खाडीत टाकल्या म्हटल्यावर “शाब्बास!” म्हणाल्या, अगदी मोठ्यानं. दोरांचं ऐकताना त्यांनी खिडकीचा पडदा मुठीत धरला होता.

मग मी तो भाग वाचला. धक्क्याच्या अगदी टोकाला उभी होते. निळा फ्रॉक घातला होता. हात दुखेपर्यंत हलवला.

 समोरच्या शाळेत मुलं पाढे म्हणत होती.

“निळा फ्रॉक?” त्या म्हणाल्या.

“हो. असं लिहिलंय.”

“नीट वाचलंत? निळाच?”

“निळाच.”

“निळा फ्रॉक आमच्या दोघींत मिळून एकच होता, बाई. आणि तो त्या दिवशी माझ्या अंगात होता.”

माझा अंगठा कागदावर होता तिथेच दाबला गेला. मी मान वर करू शकले नाही.

“झोपली होती हो ती,” त्या हळूच म्हणाल्या. “मीच तिचं पांघरूण सारखं केलं आणि खिडकीतून उतरले. धक्क्यावर कुणी नव्हतं. पण तसं लिहवेना. म्हणून तिला उभी केली.” त्यांनी माझ्या हातून पत्र घेतलं. माझा अंगठा त्यांनी हलकेच बाजूला केला, पण त्याखालचं वाचलं नाही. फक्त निळ्या फ्रॉकच्या ओळीवर तळहात ठेवून बसल्या, ऊब घेतल्यासारख्या. आणि मग हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतायत.

“लबाड कुठली! काकासमोरसुद्धा माझ्यासाठी अशीच धडधडीत खोटं बोलायची. आणि दर वेळी असल्याच काहीतरी बारीकशा गोष्टीत सापडायची.”

मग त्या उठल्या, कपाटाच्या वरून बॅग काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि मला विचारलं, “बोट कधी असते हो? आणि तुम्ही येताय ना? मला तिथे दारात एकटीनं उभं राहवणार नाही.”

मी हो म्हटलं. गुरुवारी निघतोय.

मावशी